निवृत्तीची शिल्लक वयाच्या मानाने पुरेशी आहे का? रुपयांत नको, वर्षांत मोजा

'पस्तिशीत पगाराच्या दुप्पट, पन्नाशीत सहापट' अशी कोष्टकं इंटरनेटवर फिरतात. ती बहुतेक अमेरिकेतली. तिथे निवृत्तांना सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेची पेन्शन मिळते आणि ती महागाईबरोबर वाढते. आपल्याकडच्या खासगी नोकरदाराला तसा आधार नाही, त्यामुळे ती पट इथे लावली की खोटा दिलासा मिळतो. शिवाय म्हातारपणी पगार नव्हे, खर्च भागवायचा असतो. म्हणून प्रश्न असा विचारा: आजवर किती वर्षांचा घरखर्च जमा झालाय?

(जुन्या पेन्शन योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांची पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत राहते.)

पायरी १ : एक 'वर्ष' केवढ्याचं ते ठरवा

गेल्या १२ महिन्यांची बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं काढा. किराणा, वीज, गॅस सगळ्यांच्या लक्षात असतात. सुटतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. मालमत्ता कर, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर. एटीएममधून काढलेली रोखही खर्चातच धरा.

मग साठीनंतर राहणार नाहीत ते खर्च वजा करा: मुलांची फी, ऑफिसचा प्रवास, गृहकर्जाचा हप्ता. हप्ता मात्र कर्ज साठीच्या आत फिटणार असेल तरच. भाड्याने राहत असाल तर भाडं वजा करू नका. नंतर नव्याने येणारे खर्च मिळवा. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता आला. औषधं आणि सोसायटीची मोठी दुरुस्तीही धरा.

उदाहरणार्थ, ४५ वर्षांच्या एका नोकरदाराचा महिन्याचा खर्च ७०,००० रुपये आहे. हप्ता २०,०००, फी ८,००० आणि प्रवास २,००० गेले, आजारपणाचे ५,००० आले. उरले ४५,०००, म्हणजे वर्षाला ५.४ लाख. हे त्याचं एक 'वर्ष'.

पायरी २ : जमा मोजा, पण कडक हाताने

ईपीएफचं (नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीचं) पासबुक यूएएनने (तुमच्या पीएफ क्रमांकाने) किंवा उमंग ॲपवर उघडा. त्यात कर्मचारी, मालक आणि पेन्शन असे तीन रकाने दिसतात. पहिल्या दोघांचीच बेरीज घ्या. तिसऱ्यातली रक्कम पेन्शन योजनेत जाते, ती तुमची शिल्लक नाही. १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर हिशेब होत असेल, तर ३५ वर्षांची सेवा धरूनही ती पेन्शन महिना ७,५०० भरते (१५,००० × ३५ ÷ ७०), आणि महागाईबरोबर वाढत नाही. या मोजणीत ती सोडूनच द्या. जुन्या नोकरीचा पीएफ वर्ग केला नसेल तर तो या पासबुकात दिसणार नाही, तेवढं तपासा.

पीपीएफ, म्युच्युअल फंड, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) मिळवा. विमा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर हाती येणारी रक्कम) धरा, विमा रक्कम नव्हे. राहतं घर, अंगावरचं सोनं आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी यादीत घेऊ नका. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. एकच पैसा दोन कामांना मोजला जातो.

आपल्या उदाहरणात ईपीएफ २२ लाख, पीपीएफ ९ लाख, फंड १२ लाख. एकूण ४३ लाख. भागिले ५.४ म्हणजे ८ वर्षं.

पायरी ३ : वयाशी ताडून पाहा

६० ते ९० असा काळ धरा. निवृत्तीनंतर पैसा कर जाऊन महागाईइतकाच वाढला, तर साठीला ३० वर्षांचा खर्च हाती हवा. पंचविशीपासून नियमित बचत आणि महागाईपेक्षा वर्षाला २ टक्के जास्त परतावा धरला, तर टप्पे असे येतात (आकडे म्हणजे किती वर्षांचा खर्च जमा हवा):

३० व्या वर्षी ३
३५ व्या वर्षी ६.५
४० व्या वर्षी १०.५
४५ व्या वर्षी १४.५
५० व्या वर्षी १९
५५ व्या वर्षी २४
६० व्या वर्षी ३०

पस्तिशीत मागे असाल तर घाबरू नका. पगार वाढतो, बचतही वाढवता येते. पन्नाशीतली तूट मात्र आपोआप भरत नाही.

पायरी ४ : साठीपर्यंत कुठे पोहोचाल

इथे त्याच २ टक्क्यांच्या हिशेबाने दोन गुणक लागतात. उरलेली वर्षं १०, १५, २०, २५ असतील तर आजच्या शिल्लकीला अनुक्रमे १.२२, १.३५, १.४९, १.६४ ने गुणा. वर्षाच्या बचतीला १०.९, १७.३, २४.३, ३२ ने. ही बचत दरवर्षी महागाईइतकी वाढवत नेणार असं त्यात गृहीत आहे.

आपल्या माणसाचा मूळ पगार ५०,०००. ईपीएफमध्ये त्याचा १२ टक्के वाटा ६,०००. कंपनीच्या ६,००० मधून १,२५० पेन्शनला जाऊन उरतात ४,७५०. वर्षाचे १.२९ लाख. पीपीएफ ६० हजार, एसआयपी (फंडात दरमहा गुंतवणूक) १.२ लाख. एकूण ३.०९ लाख, म्हणजे ०.५७ 'वर्षं'.

८ × १.३५ = १०.८. ०.५७ × १७.३ = ९.९. बेरीज २०.७. म्हणजे एक्याऐंशीच्या सुमारास पैसा संपतो.

२ टक्क्यांचा जास्तीचा परतावा फुकट मिळत नाही. २०२४-२५ साठी ईपीएफचा दर ८.२५ टक्के होता, पीपीएफचा ७.१. महागाई ६ टक्के धरली तर सरासरी ८ गाठायला थोडे इक्विटी फंड लागतात. सगळं एफडीत असेल तर दोन्ही गुणक विसरा आणि सरळ बेरीज करा: ८ + (०.५७ × १५) = १६.६.

पायरी ५ : तूट भरा

तूट ९.३ वर्षांची (३० वजा २०.७). भागिले १७.३ म्हणजे दरवर्षी ०.५४ 'वर्षं' जास्त, महिना सुमारे २४,०००. एकदम जमणार नाही. कर्ज फिटल्याच्या महिन्यापासून तोच २०,००० चा हप्ता एसआयपीला लावला तर बराच भाग भरतो. ग्रॅच्युइटीही जमेत घ्या: एकाच कंपनीत २५ वर्षं झाली तर ५०,००० × १५ ÷ २६ × २५, म्हणजे ७.२ लाख, सव्वा वर्षाचा खर्च.

सगळ्यात जोरकस उपाय कुणालाच आवडत नाही. ६३ पर्यंत काम केलं तर गरज २७ वर्षांवर येते, जमा २३.६ वर जाते आणि तूट ३.४ उरते.

हा हिशेब दरवर्षी एकाच महिन्यात करा आणि दर वेळी पायरी १ पासून. पगारवाढीनंतर खर्च ४५ वरून ५५ हजारांवर गेला, तर तेच ४३ लाख आठ वर्षांऐवजी साडेसहाच वर्षं पुरतात, आणि पासबुकात ते कुठेच दिसत नाही.