फास्मोफोबिया: गेमला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

"गेम बोगस आहे रे, भूत उत्तरच देत नाही." फास्मोफोबिया नव्याने घेतलेल्या ग्रुपमध्ये पहिल्याच रात्री कुणीतरी हे म्हणतंच. गेममध्ये दोष आहेत, त्यांच्याबद्दलही बोलू. पण लोक ज्याला दोष म्हणतात त्यातलं बरंचसं आपल्या माईकचं, हेडफोनचं आणि उतावळेपणाचं पाप असतं. आणि जे खरे दोष आहेत, त्यांच्याकडे मात्र मंडळी कौतुकाने कानाडोळा करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमधल्या कायनेटिक गेम्सचा हा गेम 18 सप्टेंबर 2020 ला गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात अपूर्ण अवस्थेतच, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, तेव्हा तो एकट्या माणसाचा उद्योग होता. एक ते चार खेळाडू, एक झपाटलेलं घर, बाहेर सामानाने भरलेली व्हॅन. भुताला मारायचं नाही, हाकलायचंही नाही. ते कुठल्या जातीचं आहे एवढं पुराव्यांवरून ओळखायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्याने मारला. पैसा कमी होता, पण तो योग्य जागी खर्च झाला होता: आवाजावर आणि अंधारावर. म्हणूनच या दोन ठिकाणी गडबड झाली की अख्खा गेम फुसका वाटतो.

आवाजाची बाजू

सर्वात जास्त घोळ इथेच होतो. स्पिरिट बॉक्स, म्हणजे भुताशी बोलायचं रेडिओसारखं यंत्र, हातात धरून तुम्ही खऱ्या माईकमधून प्रश्न विचारता आणि गेम तुमचे शब्द ओळखतो. ही या गेमची सगळ्यात भारी कल्पना आहे आणि सगळ्यात नाजूकही. आधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून नेमका कुठला माईक निवडलाय ते बघा. लॅपटॉपला वेबकॅम जोडलेला असेल तर विंडोज हमखास भलताच माईक धरून बसतं. प्रायव्हसीमध्ये अ‍ॅप्सना माईकची परवानगी आहे का तेही पाहा. मग गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच माईक निवडा आणि तुमचं बोलणं ओळखलं जातंय का ते तिथेच तपासा. घरात शिरून तपासत बसू नका.

प्रश्न विचारल्यावर बॉक्सवरचा फुलीचा दिवा लागला तर खूश व्हा. तुमचा आवाज पोचलाय, फक्त उत्तर मिळालेलं नाही. कुठलाच दिवा लागला नाही तर भुताला दोष देऊ नका. तुमचं बोलणं गेमपर्यंत गेलेलंच नाही. मराठीत विचारून उपयोग नाही. "व्हेअर आर यू", "गिव्ह अस अ साइन" असे छोटे, ठरलेले प्रश्न सावकाश विचारा. आपल्या उच्चारांची लाज बाळगायचं कारण नाही, गडबड होते ती घाईघाईने आणि चौघांनी एकदम बोलल्यामुळे. तरीही जमत नसेल तर सेटिंगमध्ये बोलण्याऐवजी लिखित पर्याय निवडायची सोय आहे. मजा थोडी कमी होते, काम होतं.

आणि हो, खोलीतला लाईट बंद हवा. भूत जवळ हवं. काही भुतं फक्त एकट्या माणसालाच उत्तर देतात, हे व्हॅनमध्ये लिहिलेलं असतं आणि कुणीही वाचत नाही. मग चौघं एका बेडरूममध्ये दाटीवाटीने उभे राहून ओरडतात आणि शेवटी म्हणतात, बग आहे.

आता ब्लूटूथ हेडफोन. हा मुद्दा फारसं कुणी सांगत नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनचा माईक सुरू झाला की तो हँड्सफ्री मोडमध्ये जातो. फोनवर बोलताना येतो तसा चपटा आवाज येऊ लागतो, डावं-उजवं कळेनासं होतं. फास्मोफोबियात पावलं वरच्या मजल्यावर वाजतायत की मागच्या कॉरिडॉरमध्ये, यावर तुमचा जीव अवलंबून असतो. त्यामुळे वायरचा साधा हेडफोन घ्या. किंवा आवाज ब्लूटूथवर ऐका आणि माईक लॅपटॉपचा वापरा.

सगळं बोलणं डिस्कॉर्ड या गेमबाहेरच्या गप्पांच्या अ‍ॅपवर करणं हीसुद्धा चूकच. गेमच्या आतल्या आवाजाला अंतर कळतं. मित्र तळघरात गेला की त्याचा आवाज विरतो, वॉकीटॉकी ऐन वेळी दगा देतो. डिस्कॉर्डवर सगळे कानाशी बसून गप्पा मारतात आणि मग कुणी कशाला घाबरेल?

ब्राइटनेस

काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. ओढलात की गेमचं दारिद्र्य उघडं पडतं. तेच ते सोफे, लाकडी बाहुल्यांसारखे चालणारे खेळाडू, पुन्हापुन्हा त्याच चेहऱ्यांची भुतं. हे खरे दोष आहेत. पुढच्या अपडेट्समध्ये बरीच डागडुजी झाली, काही जुनी घरं नव्याने बांधली गेली, पण खेळाडूंच्या हालचालीतला अवघडलेपणा मला अजूनही खुपतो. अंधार हे सगळं झाकतो. कोपरे काळे राहू द्या. टॉर्चच्या उजेडात समोरचं दार दिसलं की पुरे.

मरण्याच्या पद्धती

बहुतेक भुतं टीमची सरासरी सॅनिटी (मन किती थाऱ्यावर आहे त्याचा आकडा) 50 टक्क्यांच्या खाली गेल्यावर हंट, म्हणजे खेळाडूंची शिकार, सुरू करतात. डीमन जातीच्या भुताला 70 टक्केही चालतात. अंधारात उभं राहिलं की सॅनिटी घसरते, आणि स्पिरिट बॉक्सला तर अंधारच हवा. या ओढाताणीत गेमची खरी करामत आहे. म्हणून मेन स्विच लवकर शोधा, नको त्या खोल्यांमध्ये रेंगाळू नका.

क्रूस ठेवला म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज. साधा क्रूस फक्त तीन मीटरच्या आत सुरू होऊ पाहणारी हंट रोखतो. तो भुताच्या खोलीत ठेवायचा असतो, स्वतःच्या खिशात घेऊन हॉलमध्ये फिरायचं नसतं. एकदा हंट सुरू झाली की त्याचा उपयोग शून्य. तिथे धूप कामाला येतो: पेटवला की भूत काही क्षण गोंधळतं आणि तुम्हाला पळायला वाट मिळते.

कपाटात लपलात तर टॉर्च आणि हातातली बाकी यंत्रं बंद करा, कारण चालू यंत्राचा भुताला सुगावा लागतो. बोलण्याचाही लागतो आणि तिथे भाषेची अट नाही. "अरे गप्प बस ना" हे कुजबुजून सांगणाराच पहिला जातो. डीओजेन (भुताची एक जात) असेल तर मात्र लपून फायदा नाही, तो कुठेही शोधून काढतो. पण जवळ आल्यावर तो फार मंद होतो, त्याला टेबलाभोवती फिरवत राहायचं.

पुराव्यांच्या बाबतीत एकच सांगतो. दोन मिनिटांत दिसलं नाही म्हणून डायरीत काट मारू नका. एका भुताचे तीन पुरावे असतात. चौथा म्हणून घोस्ट ऑर्ब (कॅमेऱ्यात तरंगताना दिसणारे उजेडाचे ठिपके) दिसले तर गेम बिघडलेला नाही, समोर मिमिक, म्हणजे दुसऱ्या भुतांची नक्कल करणारं भूत आहे. आणि पहिल्याच आठवड्यात सगळे तक्ते पाठ करून बसू नका. भीती संपते, उरतं फॉर्म भरणं. खरं तर पन्नासेक तासांनंतर ती तशीही ओसरते आणि हा या गेमचा सर्वात मोठा दोष आहे, सेटिंगमध्ये त्यावर उपाय नाही.

तांत्रिक किरकिर

मित्राचा कोड टाकूनही लॉबी (एकत्र खेळण्यासाठी जमायची जागा) सापडत नसेल तर दोघांचा सर्व्हरचा प्रदेश एकच आहे का बघा. एक जण पुण्यात आणि दुसरा जर्मनीत असेल तर हे हमखास होतं. दोघांकडे गेमची एकच आवृत्ती हवी. लोडिंगला अडकत असेल किंवा बंद पडत असेल तर स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथून फाइल्स व्हेरिफाय करा. मोठ्या अपडेटनंतर हे एकदा करूनच टाकावं. ऑगस्ट 2023 च्या अपडेटमध्ये सगळ्यांच्या लेव्हल आणि पैसे शून्यावर आले होते, तेव्हा जुन्या खेळाडूंचा संताप अगदी रास्त होता. अर्ली अ‍ॅक्सेसचा गेम घेताना ही जोखीम धरूनच चाला.

विकत घेतल्यावर पहिल्याच बसणीला माईक, हेडफोन आणि मित्रांसोबतची लॉबी तपासून घ्या. स्टीमवर साधारणपणे 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच पैसे परत मिळतात, आणि मेन्यूत चालू ठेवून जेवायला गेलात तरी घड्याळ पुढे सरकत राहतं.