बोटीचं इंजिन उचलत नाही? आधी सेल्फवरचं बोट काढा

नाशिकच्या सातपूरला माझं डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक म्हणजे निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडचे द्राक्षवाले. त्यांचे ट्रॅक्टर, जनरेटर, विहिरीवरची इंजिनं. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. पण भाच्याने तीन मित्रांबरोबर मुंबईत २८ फुटी जुनी शिडाची बोट घेतली, तिच्या पोटात दोन सिलिंडरचं १८ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन निघालं आणि मामा आपोआप बोटीचा फिटर झाला. मग त्याच्या ओळखीतले आणखी चार बोटवाले लागले मागे. शिडाची बोट असली तरी धक्क्यापासून निघायला आणि वारा पडल्यावर परत यायला इंजिनच लागतं ना. तक्रार सगळ्यांची एकच, "उचलत नाहीये". आणि करून ठेवलेल्या चुकाही त्याच त्या.

सेल्फ मारत राहणे

शेतावरचं इंजिन चालू होत नसेल तर माणूस बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारतो आणि शिव्या घालत घरी जातो. नुकसान तेवढंच. बोटीत तसं नाही. तिथे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी घेतात. बोटीच्या तळाशी असलेल्या कॉकमधून ते आत येतं, इंजिनावरच फिरणारा रबरी पात्यांच्या चाकाचा, म्हणजे इम्पेलरचा, पंप ते ओढतो आणि शेवटी ते एक्झॉस्टच्या पाइपात सोडून धुराबरोबर बाहेर टाकतात. वाटेत डब्यासारखा सायलेन्सर असतो, त्यात पाणी साठतं. इंजिन चालू असलं की धुराचा दाब ते पाणी बाहेर ढकलतो. इंजिन पेटलंच नाही तर? सेल्फबरोबर पंप फिरतोच, पाणी ओढतोच, पण ढकलायला धूर नाही. डबा भरतो, पाइप भरतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना खट्कन अडतो. जोर लावाल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, पावसाळाभर जमिनीवर ठेवलेली बोट पाण्यात उतरवली त्या रविवारी भाच्याचा फोन.

"मामा, सकाळपासून सेल्फ मारतोय, उचलतच नाहीये. आता तर सेल्फपण खट् करून थांबतोय. बॅटरी बसली बहुतेक. शेजारच्या बोटीतली जोडू का?"

"कॉक उघडा आहे का रे?"

"हो मग. तुम्हीच म्हणाला होतात, कॉक बंद ठेवून चालवलं तर इम्पेलर जळतो."

म्हणालो होतो. चालवायचं म्हणजे चालू झाल्यावर, एवढं सांगायचं राहिलं होतं.

"दुसरी बॅटरी जोडलीस तर याद राख. कॉक बंद कर आणि कशालाही हात लावू नकोस. निघालो मी."

खारं पाणी सिलिंडरमध्ये रात्रभर ठेवून चालत नाही, म्हणून जेवण टाकून कसारा घाट उतरलो. पोचायला चार वाजले. होडीतून बोटीवर गेलो, सायलेन्सरचा ड्रेन बोल्ट खोलला, बादलीभर पाणी निघालं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे दोन्ही इंजेक्टर काढले आणि क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. पुढच्या भोकातून जी पिचकारी उडाली ती केबिनच्या छताला आपटून माझ्या चष्म्यावर. ओठावर आलेला थेंब चाखला. खारट. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. ते काढलं, नवं भरलं, इंजेक्टर बसवले.

आणि सेल्फ मारण्याआधी सहज पॅनलकडे बघितलं. इंजिन बंद करायचा नॉब बाहेर ओढलेला. मे महिन्यात बोट वर काढताना ओढला होता, तो तसाच. म्हणजे डिझेलच्या पंपाला डिझेल सोडायची परवानगीच नव्हती! हे इंजिन सकाळपासून काय, दिवाळीपर्यंत उचललं नसतं. नॉब आत ढकलला, डिझेलच्या पाइपातली हवा काढली, सिलिंडर गरम करणारा हीटर दिला, इंजिन चालू. दहा मिनिटं चालवून पुन्हा ऑइल बदललं, मग परत एकदा. सगळं आवरून घरी पोचेतो पहाट झाली. रॉड वाचला, हे त्याचं नशीब.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: चावी कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवायची. चावी घ्यायला वाकलं की कॉक दिसतो. दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती, कारण सेल्फची मोटरही तापते. दोनदा नाही उचललं तर कॉक बंद करून मगच पुढचे प्रयत्न. इंजिन धरलं रे धरलं की कॉक उघडायचा. इम्पेलर काही सेकंद कोरडा चालला तर काही होत नाही, पण कॉक उघडायचं विसरून गप्पा मारत बसाल तर रबराचे तुकडे वेचावे लागतील.

धूर न बघणे

सेल्फ मारताना एकाला मागे पाठवा, एक्झॉस्टकडे बघायला. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचत नाहीये. स्टॉपचा नॉब, टाकीचा कॉक, फिल्टर, हवा, या क्रमाने बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. मग हीटर, बॅटरी, कॉम्प्रेशन. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण नव्या बोटवाल्याला ते कमीपणाचं वाटतं. त्याला लगेच काहीतरी खोलायचं असतं.

पहिल्यांदा नोझलच काढणे

नोझल म्हणजे इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक. तेच आधी काढायचं ही खास नाशिककरांची खोड, आणि मी त्यातला आद्य गुन्हेगार. ज्या गावात चौकालासुद्धा डिझेलची नोझल बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने मायको सर्कल म्हणतात, तिथल्या माणसाला डिझेलचं कुठलंही दुखणं नोझलचंच वाटणार. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, आमच्या तोंडातून मायको काही जात नाही.

भाच्याच्याच मित्राची बोट. थंड असताना उचलायला पंधरा-वीस मिनिटं झगडायची, एकदा चालू झाली की मस्त. मी न बघताच फर्मान काढलं, "नोझल पाठव." कुरियरने आली. टेस्टिंग पंपावर लावली. धुक्यासारखा फवारा, टपटप नाही, प्रेशर बरोबर. परत पाठवली, पुन्हा तेच. शेवटी गेलो. डिझेलमधलं पाणी अडवणारा फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून त्या जागी हातभर पारदर्शक नळी लावली. फीड पंपाचा हाताचा दांडा मारला, तर नळीतून बुडबुड्यांची माळ चाललेली. पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली (बॅन्जो बोल्ट) कोणीतरी जुनंच तांब्याचं वॉशर परत बसवलं होतं. दोन रुपयांच्या वॉशरपायी दोन कुरियर.

इथे लोक फसतात कारण डिझेल कुठेच गळताना दिसत नाही. टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा आहे. तिथली फट डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. रात्रभर इंजिन उभं राहिलं की पाइपातलं डिझेल मागे टाकीत सरकतं, म्हणून सकाळी झगडा. शंका असेल तर पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा उंच बांधा आणि तिथून नळी थेट फीड पंपाला द्या. झटक्यात चालू झालं तर दोष टाकीच्या बाजूला. वॉशर मात्र नवंच घ्या. जुनं भट्टीत लाल करून मऊ करता येतं, पण तेवढा धीर असलेला माणूस मला अजून भेटला नाही.

हवा काढताना फीड पंपाचा दांडा ढिला लागला, जोरच लागत नाही, म्हणून पंप गेला समजू नका. आतला कॅम वर अडकलेला असतो. इंजिन हाताने फेराभर फिरवा आणि परत मारा. हवा आधी फिल्टरच्या स्क्रूवरून, मग इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पंपाच्या, मग इंजेक्टरच्या नटावरून. तो नट ढिला असताना समोर हाताचं बोट धरू नका. तिथला दाब दीडशे-दोनशे बारपर्यंत जातो, डिझेल कातडीत घुसतं आणि मग मेकॅनिक नाही, सर्जन लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

हीटर प्लग असतील तर दहा-पंधरा सेकंद द्या. "मुंबईत कुठे थंडी" हे कारण चालत नाही. निफाडला पारा पाच-सहावर जातो तेव्हा तर द्याच, पण थंड लोखंड मुंबईतही हवेची गरमी खातंच.

ईथरचा स्प्रे मारू नका. हीटर गरम असताना मारलात तर आत स्फोट होतो, रिंगा तुटतात. शेतावर चिंधीचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरणारे मी पाहिलेत. बोटीच्या बंद केबिनमध्ये तो प्रकार करणाऱ्याने आधी पोहायला शिकावं.

पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. मोकळ्या जागेत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. फिल्टरच्या काचेत तो दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उघडावी लागते.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते म्हणून खूश होऊ नका. सेल्फ मारताना मीटर बघा. दहाच्या खाली घसरत असेल तर इंजिन रेंगाळत फिरतं, दाबलेली हवा तापायच्या आत गार होते, मग डिझेल पेटणार कशाने? नवी बॅटरी आणण्याआधी दोन्ही जाड वायरींची टोकं हाताने चाचपा. जे टोक गरम लागेल तिथे गंज आहे. बहुतेक वेळा ते इंजिनाच्या मागच्या बाजूचं, अर्थिंगच्या वायरचं असतं, जिथे हात पोचत नाही म्हणून कोणी बघत नाही.