धिंगरीसाठी पन्नी घेताना: गेज, वजन आणि वास

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची मळणी होऊन तणसाचे ढीग लागतात. अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडे सोयाबीनचं कुटार त्याआधीच घरी आलेलं असतं. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावायला ही वेळ चांगली, कारण आता खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत राखणं जमतं. स्पॉनची, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याची, मागणी बहुतेक जण आधीच नोंदवतात. पन्नी, म्हणजे काड भरायची प्लास्टिकची पिशवी, मात्र भरायच्या दिवशी तालुक्याला जाऊन, दुकानात असेल ती उचलून आणतात. तिथे एकतर जास्त पैसे जातात, नाहीतर नको ते प्लास्टिक घरात येतं.

पन्नी निवडताना पहिला प्रश्न एकच: भरलेल्या पन्नीला वाफ द्यायची आहे का?

घरगुती पद्धतीत काड (तणीस किंवा कुटार) आधी भिजवतात, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, निथळून थंड करतात आणि मगच काड आणि स्पॉनचे थरावर थर देत भरतात. पन्नीला उष्णता लागतच नाही. अशा वेळी साधी पारदर्शक एलडीपीईची (मऊ पॉलिथिनची) पन्नी पुरेशी आहे. कुणी पीपीच (पॉलिप्रॉपिलीनच) घ्या म्हणून आग्रह धरला, तरी या पद्धतीत तिची गरज नाही. पीपी लागते ती काड पन्नीत भरून ड्रममध्ये वाफवणाऱ्यांना आणि स्पॉन तयार करणाऱ्यांना, कारण स्पॉनच्या पन्न्या १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढाव्या लागतात. पीपी १६० अंशांच्या आसपास वितळते. एलडीपीई १०५ ते ११५ अंशांत वितळते आणि त्याच्या बरीच आधी नरम पडते. म्हणून ड्रमच्या वाफेत एलडीपीईच्या पन्न्या एकमेकींना चिकटतात, जोड उघडतात. हातात घेऊन फरक कळतो: एलडीपीई मऊ असते, अंगठ्याने दाबली की ताणून लांबते. पीपी काचेसारखी चकचकीत असते, चुरगाळली की कडकड वाजते आणि एकदा चीर गेली की सरळ फाटत जाते.

आता जाडी. ती गेजमध्ये मोजतात. धिंगरीच्या बेडला, म्हणजे काड भरलेल्या पन्नीला, १०० ते १५० गेज पुरे. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. धानाचं तणीस मऊ असतं, त्याला १०० गेज चालते. सोयाबीन किंवा तुरीच्या कुटारात टोकदार काड्या असतात, दाबून भरताना त्या पन्नीतून बाहेर येतात. तिथे १५० घ्या. त्याहून जाड पन्नी घेतल्याने पीक जास्त येत नाही. बेडला हवा मिळते ती आपण पाडलेल्या भोकांतून, प्लास्टिकच्या जाडीशी तिचा संबंध नाही.

पन्नी किलोवर मिळते आणि गेज दुकानदार तोंडी सांगतो. ते खरं की खोटं हे काट्यावर तपासता येतं. पन्नीची लांबी आणि रुंदी इंचांत घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला गेजने गुणा आणि ३३०० ने भागा. एका पन्नीचं वजन ग्रॅममध्ये मिळेल. १८ बाय २४ इंचाची १०० गेजची पन्नी सुमारे १३ ग्रॅम भरते, म्हणजे किलोत ७५-७६ पन्न्या बसतात. १५० गेजच्या ५०-५१ आणि २०० गेजच्या ३८. दुकानदार १५० म्हणतो आणि किलोत ७५ निघतात, तर ती १०० गेजचीच आहे. माल वाईट नाही, पण भाव १०० गेजचाच द्या. खर्चही यावरूनच काढा: शंभर बेडला १०० गेजचं सव्वा किलोच्या वर थोडं प्लास्टिक लागतं, २०० गेजचं बरोबर दुप्पट. बचत गटातल्या सगळ्यांनी मिळून गठ्ठ्याने घेतली तर भावही उतरतो आणि हे मोजमाप एकदाच करावं लागतं.

सुरक्षिततेत मात्र पैशाकडे पाहू नका. पुनर्वापराच्या प्लास्टिकची काळी, निळी किंवा गढूळ पन्नी घेऊच नका. त्या प्लास्टिकमध्ये आधी काय भरलेलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आपण पिकवतोय ते खायचं आहे. खताच्या पोत्याचं आतलं अस्तर आणि कीटकनाशकाची पन्नी कितीही धुतली तरी नको. घडी उघडून नाकाशी धरा. रॉकेलसारखा, जळकट किंवा उग्र वास आला तर परत करा. नव्या पॉलिथिनला वास जवळजवळ नसतो. मऊ पीव्हीसीही टाळा. ती लवचीक करायला घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येऊ शकतात, पॉलिथिनला ती घालावी लागत नाहीत. ओळखायला वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि पन्नीचा नखाएवढा तुकडा बोटाने बुडवून सोडा. पॉलिथिन आणि पीपी वर येतात, पीव्हीसी तळाशी बसते. चुन्याची पूड भरून वजन वाढवलेली पन्नीही बुडते, तीही नको. गठ्ठ्यावर आयएस १०१४६ असं छापलेलं असेल तर ते खाद्यपदार्थांसाठीच्या पॉलिथिनचं भारतीय मानक आहे. पीपीसाठी आयएस १०९१० पाहा.

पारदर्शक पन्नीचा आग्रह आणखी एका कारणासाठी. पंधरा ते वीस दिवसांत बेड अळिंबीच्याच पांढऱ्या बुरशीने भरून आला पाहिजे. मधे कुठे नको त्या बुरशीचा हिरवा डाग दिसला तर तो बेड त्याच दिवशी खोलीबाहेर काढता येतो. काळ्या पन्नीत तो कळेपर्यंत शेजारचेही बेड जातात.

आकार हंगामाप्रमाणे ठेवा. बुरशी वाढताना बेडच्या पोटात उष्णता तयार होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत १८ बाय २४ चा बेड ती सहन करतो. फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडे ऊन चढतं, तेव्हा १४ बाय २२ किंवा त्याहून लहान, कमी घेराचा बेड बरा. नाहीतर मधलं काड तापून स्पॉन मरतं.

तोंड सुतळीने बांधल्यावर स्वच्छ दाभणाने २० ते ३० भोकं पाडा. बेड पांढरा झाल्यावर पन्नी पूर्ण काढण्याची पद्धत आहे, आणि धानपट्ट्यात ओलावा टिकतो तिथे ती ठीक आहे. अकोला-यवतमाळच्या कोरड्या हवेत मी पन्नी ठेवायलाच सांगेन. ब्लेडने चारी बाजूंना दोन-दोन इंचांच्या चिरा द्या. अळिंबीची फुलं चिरांतून येतात, बेड लवकर सुकत नाही आणि पाण्याच्या फवारण्या कमी लागतात.

काढणी संपल्यावर पन्नी अखंड सोलून घ्या, धुऊन वाळवा आणि भंगारवाल्याला द्या. शेकोटीत टाकू नका. उरलेलं काड गुरांना घालणार असाल तर दोन गोष्टी बघा. काड गरम पाण्याऐवजी फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिम या रसायनांच्या पाण्यात भिजवलेलं असेल तर ते जनावरांना अजिबात नाही, खतातच टाकायचं. आणि गरम पाण्याचं असलं तरी पन्नीचे तुकडे आणि सुतळीची टोकं हाताने वेचून काढल्याशिवाय गव्हाणीत टाकायचं नाही. गाय ते तुकडे बाजूला सारत नाही, काडासोबत गिळते.