प्लास्टिक रिसायकलिंगमध्ये उतरायचंय? आधी छटाई शिका, मशीनचं नंतर बघू

इंजिनिअरिंग नाहीतर बीएस्सी झालेली पोरं अधूनमधून विचारतात, दादा रिसायकलिंगचं युनिट टाकायचंय, मशीन कुठलं घेऊ? मी पुण्याजवळ भोसरीकडे एका छोट्या शेडमध्ये एचडी आणि पीपी या दोन प्रकारच्या प्लास्टिकचं ग्राइंडिंग करतो, म्हणजे डबे, कॅन, झाकणं, तुटक्या बादल्या घ्यायच्या, निवडायच्या, भरडायच्या, धुवायच्या आणि तो चुरा दाणावाल्याला, म्हणजे चुरा वितळवून त्याचे दाणे करणाऱ्याला, विकायचा. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं, मशीनचं सगळ्यात शेवटी बघ. पैसा सुटतो नाहीतर बुडतो तो खरेदीत आणि छटाईत, म्हणजे माल निवडून वेगळा करण्यात, ग्राइंडर काय, आत टाकाल तेच बारीक करून बाहेर देणार.

आधी माल कुठून कुठे जातो ते डोक्यात बसवा. कचरावेचकाकडून गल्लीतला भंगारवाला, त्याच्याकडून मोठा गोडाऊनवाला, मग आमच्यासारखे ग्राइंडिंगवाले, मग दाणावाला, आणि शेवटी मोल्डर, जो त्यातून मग, पाइप, कुंड्या बनवतो. मुंबईत हीच अख्खी साखळी धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये दोन-चार गल्ल्यांत बघायला मिळते, एक दिवस काढून जाऊन याच. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते, त्यामुळे इथे बराच सुका माल ओल्यात बरबटायच्या आधीच वेगळा होतो. हा फरक लहान वाटतो पण धुण्याचं निम्मं काम तिथेच वाचतं.

आता छटाई. डब्याच्या बुडाला त्रिकोणात नंबर असतो, १ पेट, २ एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे उरलंसुरलं. पुस्तकात एवढंच असतं, पण भंगारात निम्म्या तुकड्यांवर नंबरच नसतो. आमच्याकडे छटाईला बसणाऱ्या मावशी नंबर बघतच नाहीत. तुकडा हातात घेतला, नखानं ओरखडला, मेणासारखा लागला आणि ओरखडा उठला तर एचडी नाहीतर एलडी, नख घसरलं तर बहुतेक पीपी. दुमडला आणि घडीवर पांढरा पडला पण तुटला नाही तर पीपीच. फरशीवर टाकला आणि पत्र्यासारखा टणकन वाजला, कडकन मोडला तर पॉलिस्टायरिन. मी नवीन असताना विचारलं, मावशी एवढं पटकन कसं कळतं, तर म्हणाल्या, “तुम्ही डोळ्यानं बघताय दादा, हातानं बघा.” लायटरनं जाळून वास घ्यायची पण पद्धत आहे, पण ती जरा जपून, पीव्हीसी जळालं की अॅसिडचा धूर निघतो, रोज हुंगायची गोष्ट नाही ती.

पाण्याची टाकी हा दुसरा मास्तर. पीपी, एचडी, एलडी पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात, पेट, पीव्हीसी, एबीएस (टीव्हीच्या कव्हरचं वगैरे कडक प्लास्टिक), पॉलिस्टायरिन बुडतात. म्हणून पाण्याची बाटली झाकणासकट भरडली तरी झाकण वर येतं आणि बाटली तळाला जाते. पण डोळे झाकून टाकीवर विसंबू नका, कारण पीपीमध्ये टाल्क किंवा कॅल्शियमची पूड भरपूर भरलेली असेल तर ते पीपी असूनही बुडतं, आणि पेट आणि पीव्हीसी दोघंही बुडत असल्यामुळे टाकी त्यांना वेगळं करूच शकत नाही. पेटवाल्यांच्या नाकी नऊ येतात ते यामुळेच, पेट वितळायला अडीचशे अंशाच्या वर तापवावं लागतं आणि तिथपर्यंत पीव्हीसी करपून जातं, थोडंसं जरी राहिलं तरी सगळा माल पिवळा. पीपी आणि एचडीची भेसळ पण दाणावाला लगेच पकडतो, एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे चुरा वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या मशीनमधून, शेवयांसारख्या दोऱ्या निघतात त्या मधेच तुटायला लागतात.

हँडवॉशच्या पंपाकडे खास लक्ष ठेवा. आत छोटीशी स्टीलची स्प्रिंग असते, ती ग्राइंडरमध्ये गेली की पात्यांची धार गेलीच म्हणून समजा. चुंबक लावा, पण पंप हातानं वेगळे काढणं जास्त स्वस्त पडतं.

हिशोब करताना लोक घट विसरतात. समजा १०० किलो डबे ३० रुपयांनी घेतले आणि माती, लेबलं, पाणी, परका माल जाऊन ८० किलो चुरा हातात आला, तर तुमची खरेदी ३० नाही, साडेसदतीस झाली, मजुरी आणि लाइट बिल अजून पुढेच. पावसाळ्यात ओला माल वजनात घेणं म्हणजे सरळ सरळ आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय नवीन प्लास्टिक स्वस्त झालं की मोल्डर आपल्याकडे फिरकत नाही, म्हणून भाव वाढेल या आशेवर गोडाऊन भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका, आगीची भीती असते ती वेगळीच.

कागदपत्रांचं थोडक्यात: प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, उभारणीआधी आणि चालू करण्याआधी, आणि धुण्याचं पाणी कुठे सोडणार हे तिथे विचारतात, त्याची सोय आधी करा. मोठ्या ब्रँडना २०२२ च्या ईपीआर नियमांमुळे (आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकची जबाबदारी कंपनीनंच घ्यायची) रिसायकलिंग झाल्याची सर्टिफिकेट लागतात, ती फक्त रजिस्टर्ड रिसायकलरच देऊ शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला होता, आत्ताचा दर सीएला विचारा, आणि गल्लीतला भंगारवाला बिल देत नाही तर जीएसटीचं क्रेडिट कुठून मिळणार हेही त्यालाच विचारा.

शिकायला सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था चांगली आहे, महाराष्ट्रात संभाजीनगरला आणि चंद्रपूरला सेंटर आहे, तिथे मशीन आणि टेस्टिंग नीट कळतं. पण त्याआधी काही महिने कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये छटाईला बसा, फुकट बसावं लागलं तरी बसा. सुरुवात एकाच जातीच्या मालानं करा, नुसती झाकणं घेतली तरी चालतील. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांच्या नादी लागू नका, त्यात एकावर एक वेगवेगळे थर असतात, आपल्या लेव्हलला त्याला गिऱ्हाईक नाही. आणि सिरिंज, सलाइनच्या बाटल्या, औषध फवारणीचे डबे कुणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी घ्यायचे नाहीत, हॉस्पिटलच्या मालाला वेगळे नियम आणि वेगळी परवानगी असते, गाडी दारातूनच परत पाठवायची.