रद्दीवाल्याला मृगापर्यंत थांबवा

परसातलं तण झाकून मारायचं काम एका सकाळचं. जमवाजमव मात्र महिन्याभराची. तेव्हा मे लागला की रद्दी विकणं बंद करा आणि घरपोच सामानाचे खोके उलगडून पलंगाखाली सरकवा. वाटतात त्यापेक्षा खोके जास्तच लागतात, कारण प्रत्येक जोडावर पुठ्ठा पुठ्ठ्यावर वीतभर चढवायचा असतो. नुसती कडेला कडा टेकवलीत तर तण उजेड शोधत नेमकं त्याच फटीतून डोकं काढतं.

खोका हाती आला की लगेच चिकटपट्टी सोला, पिना उपटा. नंतर करू म्हटलं की राहतं. पुठ्ठा कुजून जातो आणि मातीत पट्ट्या उरतात. माझ्या वाफ्यात दोन वर्षांनीही निघतात. चकचकीत पुठ्ठा आणि गुळगुळीत पुरवण्या मात्र रद्दीवाल्यालाच द्या. वर्तमानपत्र वापरणार असाल तर आठ-दहा कागदांचा थर हवा.

वाण्याकडे पोतं मागाल तर तागाचं मागा. प्लॅस्टिकच्या विणीच्या पोत्याचे उन्हाने धागे सुटतात आणि खुरप्याला गुंडाळतात. जुन्या चादरी, साड्या चालतात, पण सुतीच. शंका असेल तर धागा ओढून काडी लावून बघा: सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी. आईची विरलेली सुती साडी याला फार उत्तम, पण तिला विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

वरून घालायला आंब्याची वाळकी पानं, नारळाची सोडणं, मिळालं तर उसाचं पाचट, असं चांगलं चार बोटं जाड होईल इतकं साठवा. शेजारी पानं झाडून जाळायच्या तयारीत असतील तर त्याआधी गाठा. पुठ्ठा वाऱ्याने उडू नये म्हणून चार विटाही लागतील.

आता तण कोणतं आहे ते नीट बघून ठेवा, कारण सगळी तणं सारखी मरत नाहीत. केना, आघाडा, टाकळा यांची कोवळी रोपं दोन-तीन महिने अंधारात ठेवली की संपतात. हरळी कडेने शिरते, म्हणून वाफ्याभोवती अर्धा फूट खोल चर आधीच खणून घ्या. लव्हाळा सगळ्यात हट्टी. त्याच्या जमिनीखालच्या गाठींतून निघणारं टोक ओला पुठ्ठा सुईसारखं भोसकतं. तिथे आधी कुदळीने गाठी वेचा आणि पुठ्ठा दुहेरी घाला. तरी तो पुन्हा दिसेल, दिसला की उपटा. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट काढायचं, तेही हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. 1955च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आता कुठे नाही ते सांगा!

मेमध्येच अंथरायची घाई करू नका. कोरड्या जमिनीवरचा पुठ्ठा वाळवीला मेजवानी. मृगाच्या दोन-तीन सरी पडून माती वीतभर ओली झाली आणि पहिली उगवण दिसली की मुहूर्त. तण जमिनीलगत कापून तिथेच पडू द्या, वर पाटीभर शेणखत फिसकटा, मग पुठ्ठा घालून तो बादलीने निथळेपर्यंत भिजवा आणि त्यावर पानं. कढीपत्ता, जास्वंद यांच्या बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. या वाफ्यात लगेच बी पेरता येणार नाही. वांगी-मिरचीची रोपं लावायची तर पुठ्ठ्याला फुलीसारखा छेद द्यायचा, म्हणून धारदार सुरीही यादीत घ्या.

आणि टॉर्च. पावसाळ्यात या ओलसर थराखाली गोगलगायी मुक्कामाला येतात. रात्री जेवणं झाली की त्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, आणि ते पाणी झाडांना नाही, मोरीत ओतायचं.