चित्र आधी, वाक्य नंतर

परभणीजवळच्या आमच्या शाळेत दुसरीच्या लेकरांना मी प्रोजेक्टरवर इंग्रजी चित्रकथा दाखवायचे. वाक्य वाचलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत, मराठी अर्थाची वाट पाहत.

मग स्लाइडवरचा मजकूरच काढला. हरवलेल्या शेळीची गोष्ट स्वतः चित्रं काढून केली. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न, ‘व्हेअर इज द गोट?’ पुढची स्लाइड लगेच नाही. आधी लेकरांचा अंदाज. खरी गंमत त्या थांबण्यात आहे! ‘अंडर द कॉट!’ म्हणत पोरं पडद्यावरच्या बाजेवर बोट ठेवू लागली. लिहिलेलं वाक्य तिसऱ्या दिवशी दाखवलं.

आता स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या खुल्या परवान्याच्या गोष्टीही अशाच बदलून वापरते. मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय मात्र ठेवते. वीज गेली तर छापील चित्रं असतातच.