तिसऱ्या आठवड्यातली मर आणि पिल्लांची पिवळी कलेजी

श्रावणात चिकनला उठाव नसतो, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच ब्रॉयलरवाले याच दिवसांत नवी पिल्लं टाकतात. गणपती उठेपर्यंत माल तयार, हा हिशेब चुकीचा नाही. पण पिल्लं तीन आठवड्यांची होतात तेव्हा बाहेर झड लागलेली असते, आत शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं झालेलं असतं आणि साठवलेल्या मक्याला कुबट वास सुटलेला असतो. यकृताच्या विषाणूजन्य रोगाची भीती नेमकी याच वयात असते.

संध्याकाळी दाणे खाणारं, अंगानं भरलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं. काही पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात आणि दोन दिवसांत जातात. वय साधारण तीन ते पाच आठवडे. मर तीन-चार दिवस चढत जाते आणि बहुतेक वेळा पाचव्या दिवशी उतरते. त्या दिवशी पाण्यात जे औषध चाललेलं असतं, त्याचंच मग गावभर नाव होतं! प्रत्यक्षात त्या अँटिबायोटिकनं काहीच केलेलं नसतं.

हा अ‍ॅडिनो गटातला विषाणू. विष्ठेतून तो तोंडावाटे आत जातो, आतड्यात वाढतो आणि रक्तातून यकृतात पोचतो. तिथल्या पेशींच्या केंद्रकात घुसून तो पेशी मारतो. कलेजी सुजते, फिकट पिवळी पडते, बोट लावलं तरी फुटते, वर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. याच विषाणूच्या एका प्रकारात हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साचतं आणि हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसतं, म्हणून त्याला लिची रोग म्हणतात. 1987 मध्ये कराचीजवळच्या अंगारा गोठ इथं तो पहिल्यांदा दिसला, नंतर आपल्याकडेही आला. त्यात मर बरीच जास्त होते आणि लांबतेही.

विषाणूवर औषध नाही. आपल्या हातात एवढंच, की आधीच जखमी झालेल्या यकृतावर दुसरं ओझं टाकायचं नाही. ते ओझं म्हणजे बुरशी. बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष थेट यकृतावरच घाव घालतं आणि पिल्लाची प्रतिकारशक्तीही मोडतं. घरचा मका भरडून घालत असाल तर ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. गोळे झालेलं खाद्य उन्हात वाळवलं म्हणून त्यातलं विष जात नाही. ते फेकूनच द्या. जीव तुटतो, मला कळतं, पण फेका. लिव्हर टॉनिकनं थोडा आधार मिळतो, विषाणू मरत नाही. सल्फाची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती मोडणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूजन्य रोगाची) लस वेळेवर झाली नसेल, तर हा रोग अधिक जोरात येतो.

पावसाला घाबरून पडदे पूर्ण बंद करू नका, वरची वीतभर जागा मोकळी ठेवा. पाण्याच्या निप्पलखालचं भिजलेलं तूस रोज काढा.

मर वाढली तर पिल्लू शेडवर फाडू नका. बर्ड फ्लूसारखा रोग असला तर ते तुमच्याच जिवावर बेतेल. दोन-तीन ताजी मेलेली पिल्लं दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा आधी जनावरांच्या मदतीसाठीच्या 1962 या नंबरवर फोन करा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या यकृताची तपासणी नीट होत नाही. दवाखान्यातला अर्ज कन्नडमध्ये असला म्हणून अडून बसू नका. पिल्लांचं वय, मर सुरू झाल्याची तारीख आणि रोजचा मरीचा आकडा एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना आधी तेच लागतं.

मेलेली पिल्लं मलप्रभा नदीला मिळणाऱ्या ओढ्यात टाकू नका आणि कुत्र्यांपुढेही नको. उंचावर, विहिरीपासून लांब खड्डा काढून चुना घालून पुरा. हा विषाणू चिवट आहे, नुसत्या फिनाईलनं जात नाही. तूस पूर्ण काढून, शेड धुऊन वाळवल्यावर फॉर्मेलिन किंवा आयोडीनचं जंतुनाशक मारा आणि दोन आठवडे शेड रिकामं ठेवा. हप्ता थकलेला असताना हे अवघड जातं, तरी ठेवा.

विषाणू आईकडून अंड्यातूनही येतो. म्हणून पिल्लं घेताना हॅचरीला किंवा कंपनीच्या सुपरवायझरला विचारा, की पेरेंट पक्ष्यांना (ज्यांच्या अंड्यांतून ही पिल्लं निघाली त्यांना) या रोगाची लस दिली होती का, आणि त्याच पेरेंटची पिल्लं गेलेल्या दुसऱ्या शेडांत मर झाली का. उत्तर मिळालं की ते बॅचच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.